खिचडीविना एकादशी

वजन उतरवायच्या भरात मी एकादशीची साबुदाण्याची खिचडीसुद्धा सोडली. त्या दिवशी सकाळपासून पोटात नुसता बिनसाखरेचा चहा होता.

"अहो, उपासाला खिचडी नको म्हणणारे तुमच्या घराण्यातले तुम्ही पहिलेच," बायको म्हणाली. मला ती शाबासकी वाटली.

दुपारी मुलीला शाळेतून स्कूटरवर आणताना कर्वेनगरच्या सिग्नलला थांबलो, तर हात थरथरायला लागले. समोरची बस हळूहळू पुसट झाली.

"बाबा, हिरवा लागलाय," मुलगी मागून म्हणाली.

मला दिवाच दिसत नव्हता. मागे सात वर्षांचं पोर आणि हँडल माझ्या हातात, या विचारानेच मला घाम फुटला. पाय टेकत टेकत स्कूटर कडेला घेतली आणि फुटपाथवर बसकण मारली. मुलीने डब्यात उरलेली अर्धी गूळपोळी पुढे केली, मग जरा थांबली.

"पण तुझा उपास आहे ना?"

"होता," मी म्हणालो आणि खाल्ली.

दिसायला लागलं, तरी स्कूटरला हात लावायचा धीर होईना. ती तिथेच लावून आम्ही चालत निघालो. मी पडू नये म्हणून मुलीने माझा शर्ट मुठीत धरला होता.

"सोडू नकोस हं," मी म्हणालो.