आम्ही हवा विकायचो

फोमच्या फॅक्टरीत काम केलं, की संध्याकाळी शर्टाला भुगा चिकटून घरी येतो. किस्सेही तसेच येतात. डिचोलीच्या आमच्या फॅक्टरीत मी क्वालिटीला होतो. रिटायर झालो, भुगा गेला, किस्से राहिले. सांगायला हसत हसत बसतो खरा, पण शेवटी कुठेतरी चुटपुट लागतेच.

*

पहिल्याच दिवशी मॅनेजर गांवसबाबांनी विचारलं, "फोम म्हणजे काय?"

"गादीत असतो तो."

"चूक! फोम म्हणजे हवा. दोन केमिकल्स मिसळली की बुडबुडे उठतात. ते फुटायच्या आत घट्ट झाले, की झाला फोम. आपण हवा विकतो रे!"

वाक्य मला भलतंच आवडलं. पुढे मये गावात मुलगी बघायला गेलो. तिच्या वडिलांनी विचारलं, "काय करता आपण?" मी ऐटीत म्हटलं, "हवा विकतो."

ते उठून आत गेले. चहासुद्धा आला नाही! मुलगी मात्र दारात उभी राहून पोट धरून हसत होती. इतकं मोकळं हसणारं माणूस मला परत भेटलं नाही. बायकोला हा किस्सा अजून सांगितलेला नाही.

*

थर्माकोल हाही फोमच. एका चवथीला लेकीच्या हट्टापायी मी थर्माकोलचं मखर केलं, वर भलामोठा मोर कोरला. विसर्जन झाल्यावर मखर दिलं घरामागच्या व्हाळाच्या वाहत्या पाण्यात सोडून.

तीन पावसाळ्यांनी खालच्या अंगाला शेती करणारे सोमाकाका दारात उभे. काखेत मोर! रंग उडालेला, पिसारा शाबूत.

"घे बाबा तुझो मोर. दर वर्सा माझ्या भातात येऊन बसता. मरत नाय!"

लेक तोवर कॉलेजात गेली होती. तिने मोर घेऊन माझ्या हातात दिला.

*

केरीच्या किनाऱ्यावर फॅक्टरीची पिकनिक होती. लाटांबरोबर आलेला फेस वाळूवर थरथरत होता. गांवसबाबांनी तो ओंजळीत घेतला आणि आमचा क्लास सुरू केला. "हाही फोमच! पाण्यात शेवाळ कुजतं, वर वारा घुसळतो..."

मागून त्यांची बायको म्हणाली, "घरात भाताक फेस येता, तो कधी बघितलात?"

सगळे हसलो. सगळ्यांत मोठ्याने गांवसबाब.

पुढच्या वर्षी त्या गेल्या. महिन्याभराने गांवसबाब लॅबमध्ये येऊन माझ्यासमोर बसले. "काल भात ठेवला. फेस उतू गेला, गॅस विझला. झाकण तिरकं ठेवायचं असतं, हे ती कधी बोललीच नाही रे."

*

मिक्सिंगला तानाजी होता, आजऱ्याकडचा. फोमचा ठोकळा फुगताना हाताचा तळवा जवळ नेऊन तो आतली धग सांगायचा. नवं मशीन आलं त्या पावसाळ्यात तो म्हणाला, "सायेब, हवेत वल हाय. पानी जरा कमी घालू या, न्हायतर आत धग वाढंल."

"मीटर बरोबर दाखवतोय," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी ठोकळा कापला, तर पोटात करपलेला! रिपोर्टमध्ये मी लिहिलं, 'ऑपरेटरची चूक'. लिहिताना तानाजी समोरच उभा होता.

"लिवा सायेब. पेन तुमच्या हातात हाय."

त्या वर्षी त्याचं प्रमोशन गेलं. मी सॉरी म्हणायचं ठरवलं होतं. ते ठरवलेलंच राहिलं.

*

आई अंथरुणाला खिळली. पाठीला जखमा होऊ लागल्या. हे तानाजीच्या कानावर गेलं. गांवसबाबांची परवानगी काढून, सुट्टीच्या दिवशी येऊन त्याने खास मऊ फोम ओतला आणि गादी कापून टेम्पोने घरी पाठवली. महिन्याभरात आईच्या जखमा सुकल्या!

"कोणी केली रे गादी?" आईने विचारलं.

"आमच्या तानाजीने."

"त्याला जेवायला बोलव."

मी निरोप दिला. तानाजी खूश. "येतो की! कवा?"

"या रविवारी नको, पुढच्या."

पुढच्या रविवारी पाहुणे आले. मग ऑडिट लागलं. मग असंच काहीबाही. आई विचारायची, "तो आलो नाय रे?" मी म्हणायचो, "पुढच्या रविवारी."

दोन वर्षांनी आई गेली.

बाराव्याला तानाजी न बोलावता आला. पंगतीत अगदी शेवटी बसला, खाली मान घालून जेवत होता. माझी बायको भात घेऊन त्याच्यासमोर थांबली. "वाढू थोडा?"

तानाजीने पान पुढे सरकवलं.

"वाढा वैनी. आईंनी बोलावलंय."