आत कोणीतरी आहे

एकाच नावाने दोघे एकाच वेळी आत शिरले तर पहिल्याला बाहेर काढायचं, हा नियम आमच्या ऑफिसच्या परीक्षा-सरावाच्या वेबसाइटवर मीच लिहिला. कारणही चोख होतं. लोक लॉगआउट न करताच उठून जातात. त्यांची जागा धरून ठेवली तर दुसऱ्या मोबाइलवरून येणारा तोच माणूस बाहेर ताटकळतो. मला माझ्या या हुशारीचं फार कौतुक होतं.

लालबागच्या आमच्या चाळीत माझी धाकटी बहीण आणि शेजारच्या काकींची मुलगी नर्सच्या भरतीची तयारी करत होत्या. त्याच वेबसाइटवर, एकाच पासवर्डने. शेजारच्या खोलीची किल्ली आमच्या खिळ्याला असते, तिथे पासवर्डचं काय! नियम लिहिताना मला हे आठवलं नाही.

नियम लागू झाला त्याच रविवारी शेजारची मुलगी सराव परीक्षा देत होती. बहिणीने लॉगिन केलं आणि शेजारची अर्ध्या पेपरातून बाहेर फेकली गेली. ती चिडून परत आत शिरली, की बहीण बाहेर.

"मुद्दाम करतेस तू," भिंतीपलीकडून ऐकू आलं.

"तूच करतेस," इकडून.

बालवाडीपासूनच्या मैत्रिणी, दोघींनी बोलणं टाकलं. चूक माझी आहे हे मी सांगेपर्यंत दोघी नको ते बोलून बसल्या होत्या. मला स्वतःची लाज वाटली.

काकींना सगळं समजावलं, तेव्हा त्या गॅलरीच्या टोकाला संडासापाशी लागलेल्या रांगेकडे बघत म्हणाल्या, "आत कोण आसलो तर भायर थांबूचा लागता. लय येळ झालो तर कडी वाजवूची. आतल्याक ओढून काढतत काय गो?"

ऑफिसात मी हेच मांडलं, फक्त संडास वगळून. साहेब कुरकुरले, पण तक्रारी इतरांच्याही होत्या. आता आम्ही आधी आतल्याला विचारतो. पाच मिनिटांत उत्तर आलं नाही तरच बाहेर काढतो.

त्यानंतरच्या रविवारी बहिणीच्या मोबाइलवर पाटी आली: 'आत कोणीतरी आहे. विचारू का?' तिने मोबाइल पालथा ठेवला आणि भिंतीवर टकटक केलं.

"तुझं होऊ दे गं. मी थांबते."

पाच मिनिटं उलटली, दहा झाली. बहीण जागची हलली नाही. मग पलीकडून उत्तर आलं, "थोडेच प्रश्न राहिलेत. ये इकडे."