कापलेली नऊ मिनिटं

पेन ड्राइव्हवरचं भजन अडतीस मिनिटांत संपलं. मी घड्याळ समोर ठेवूनच ऐकत होतो. मूळ फितीच्या स्पूलच्या डबीवर शाईने ‘४७ मि.’ लिहिलेलं मी स्वतः पाहिलं होतं आणि डायरीत उतरवून घेतलं होतं. पुन्हा लावलं. पुन्हा अडतीस.

“आई कुठे बोलल्या यात?” बायकोने विचारलं. “चहा घेऊन येतात तेव्हा काहीतरी बोलतात, असं म्हणाला होतात ना?”

आई कुठेच बोलली नव्हती. एक अभंग संपला की लगेच दुसरा सुरू. ना खोकला, ना कपबशीचा आवाज. आठ गिरणी कामगार हवाबंद डब्यात बसून गात असावेत, तसं.

हे ध्वनिमुद्रण लालबागच्या आमच्या चाळीतल्या खोलीतलं. दर गुरुवारी वडील आणि त्यांचे सात सोबती भजनाला बसत. एका गुरुवारी कॉलेजातले एक प्राध्यापक मोठं यंत्र घेऊन आले. मी आठ वर्षांचा होतो, उंबऱ्यावर बसलो होतो. मधल्या सुट्टीत आई चहा घेऊन आत आली, काहीतरी बोलली आणि सगळे पुरुष खो खो हसले. काय बोलली ते मला आठवत नाही. तिला जाऊन अठरा वर्षं झाली. माझ्या लग्नाच्या व्हिडिओत ती इकडून तिकडे धावताना दिसते, आवाज मात्र सगळा बँडचा. म्हणजे तिचा आवाज जगात एकाच ठिकाणी होता, त्या डबीत.

प्राध्यापकांच्या मागे त्यांची स्पूलं ठाकूरद्वारच्या एका जुन्या संग्रहाकडे गेली. संग्रहाने योजना काढली: एखादं चित्र किंवा ध्वनिमुद्रण दत्तक घ्या, जतनाचा खर्च उचला, तुमच्या नावाची पितळी पट्टी लावू. यादीत जुन्या मुंबईतल्या शेटजींची तैलचित्रं सगळ्यांत वर. ती आठवड्यात खपली. स्पूलं शेवटच्या पानावर. तिथे आमच्या चाळीचं नाव दिसलं आणि मी त्याच दिवशी पैसे भरले.

पेन ड्राइव्ह ऐकल्याच्या दुसऱ्या दिवशी रजा टाकून ठाकूरद्वार गाठलं. स्पूलांचं काम करणारी मुलगी गिरगावातलीच, गळ्यात बारीकसा क्रॉस, बोलणं फटाफट.

“नऊ मिनिटं कुठे गेली?” मी विचारलं.

“काका, मधला नॉइज काढला ना. फॉर्मवर टिक आहे.”

“कोणाची टिक?”

तिने फाइल माझ्यासमोर सरकवली. ‘अनावश्यक आवाज व खंड काढावेत का?’ पुढे ‘होय’च्या चौकटीत माझी टिक. शेजारी माझ्याच अक्षरात, कोणी न विचारता: ‘नीट स्वच्छ करावे.’

मी सोसायटीच्या प्रत्येक नोटिशीतला प्रत्येक शब्द वाचणारा माणूस. सभेत लोक मला हसतात. आणि इथे मी वर सूचना लिहून दिली होती. अनावश्यक म्हणजे खरखर, एवढंच माझ्या डोक्यात होतं. आई त्यात मोडेल असं मला का वाटावं?

“मग न कापलेली प्रत द्या.”

“ती पुसली. साफ केलेली तयार झाली की कच्ची पुसायची, साहेबांचा रूल आहे. सर्व्हरवर जागा नाही.”

साहेब, म्हणजे संग्रहाचे प्रमुख, शेजारच्या दालनात एका तैलचित्रापाशी उभे होते. एक बाई कापसाच्या काडीने शेटजींच्या कोटावरून इंच इंच फिरत होती. तिला ते म्हणत होते, “तो डाग राहू दे. चित्रकाराच्याच हातून पडलेला आहे. मूळ आहे तो.”

मी माझं गाऱ्हाणं सांगितलं.

“हे बघा, आपण सादरीकरण जतन करतो,” साहेब म्हणाले. “मधला गोंगाट नाही.”

“गोंगाट? ती माझी आई आहे.”

“भावनिक होऊ नका.”

“शेटजींच्या कोटावरचा डाग मूळ, आणि माझ्या आईचं बोलणं कचरा?” मी इतक्या जोरात बोललो की बाईची काडी थांबली. साहेबांनी नवा फॉर्म दिला. त्यातही तीच चौकट होती. मी ‘होय’वर अशी काट मारली की कागद फाटला.

मुलीने आधीच बजावलं. “स्पूल अजून आहे, काका. पण फीत चिकट झालीय. पहिल्या वेळी कशीबशी वाजली. आता वरचा थर सुटेल. गॅरंटी नाही हां. नाही लावली तर निदान फीत तरी राहील.”

“न वाजणारी फीत घेऊन काय करू? लाव.”

चिकटपणा कमी व्हावा म्हणून फीत बरेच तास मंद उष्णतेवर ठेवावी लागते. तीन दिवसांनी ती यंत्रावर चढली. शेवटच्या ओळीनंतर टाळ खाली ठेवल्याचा आवाज. मग थाप थाप थाप. वडील पखवाजाला कणीक लावत होते. कोणीतरी खोकलं. बशा किणकिणल्या. आणि आई बोलली, चढ्या आवाजात, अस्सल मालवणीत:

“बारा कप दिलंय, बारा परत व्हये. मागच्या खेपेक दोन कमी इले. तेंचा काय झाला तां आधी सांगा, मगे इठ्ठल म्हणा!”

पुरुष हसले. वडील म्हणाले, “अगो, ते दोन कप...” आणि फीत किंचाळली. मुलीने झटकन यंत्र बंद केलं. यंत्राच्या तोंडाशी तपकिरी भुकटी पडली होती.

“संपलं, काका. पुढचं नाही निघणार.”

“पहिल्या वेळी हे सगळं वाजलं होतं ना? तू कापलंस तेव्हा वडील काय म्हणाले होते?”

तिने मान खाली घातली. “मी ऐकत नाही, काका. स्क्रीनवर रेघा बघून कापते. दिवसाला चार स्पूलं असतात.”

म्हणजे माझ्या वडिलांचं उत्तर या इमारतीत धडधाकट वाजलं होतं, आणि ते एकाही माणसाने ऐकलं नाही.

मी साहेबांकडून नोंदीचं कार्ड मागून घेतलं. ‘पुरुष आवाज: आठ’ याखाली ‘स्त्री आवाज: एक’ असं लिहिलं. कालावधीत लिहिलं: मूळ सत्तेचाळीस, शिल्लक एक्केचाळीस: साफ केलेली अडतीस आणि आजची तीन.

“आणि पट्टीवर नाव कसं घालू?” साहेबांनी विचारलं. आवाज बराच नरमला होता.

“पट्टी नको. इथेच लिहा, सहा मिनिटं कोणी घालवली ते.”

ते पेन घेईनात. मग मीच लिहिलं. आधी माझं नाव, कारण टिक माझी होती. त्याखाली त्यांचं.