आई घरी असली की चार्ज होणारी गाडी

चार्जर बसवल्यापासून आमच्या घरी किश्शांना तोटा नाही. चहाला आलेला माणूस आमचा एक ऐकतो आणि आपल्या घरच्या वायरिंगचा एक सांगून जातो. पण आमच्या ज्ञानोबाच्या तोडीचा वायरमन अजून कुणाला भेटलेला नाही.

गाडी घेतली ती बायकोसाठी. वैशाली जिंतूरजवळच्या शाळेत शिकवते, परभणीहून रोज जाऊन-येऊन. सकाळी गाडी चार्ज नसली की एसटी, एसटी चुकली की शाळेची प्रार्थना चुकली, आणि मग मुख्याध्यापकांचं तोंड! ज्ञानोबाची हयात शेतातल्या मोटारी जोडण्यात गेलेली. मी विचारलं, "चार्जर जमेल ना?"

"मोटार काय अन् कार काय, करंट एकच हाय. फिकर करू नका."

फिकर तिथूनच सुरू झाली.

*

मेन स्विच त्यानं उलटा बसवला. वर केला की बंद, खाली केला की चालू.

"ध्यानात ठेवायचं, बस," तो म्हणाला. "चोराला बी कळायचं न्हाई."

*

चार्जरला वेगळी वायर ओढायची, तर यानं स्वयंपाकघराच्या लाइनीतूनच ओढली. गाडी चार्जिंगला असताना मिक्सर फिरवला की सगळं घर बंद. ओट्याशी उभी राहून वैशाली मला विचारायची, "आज चटणी की जिंतूर?"

बरेच दिवस आम्ही चटणीशिवाय जेवलो.

*

खरी गंमत दिव्याची. चार्जरला एक छोटा दिवा आहे. हिरवा म्हणजे चार्जिंग चालू, लाल म्हणजे बंद. काही दिवस हिरवा, काही दिवस लाल. कंपनीचा माणूस फोनवर म्हणाला, अर्थिंग तपासा. ज्ञानोबा आला तेव्हा दिवा नेमका हिरवा.

"त्याला फोनमधून काय दिसायलंय?" म्हणत तो चहा पिऊन गेला.

मला मात्र चैन पडेना. व्होल्टेज बघितलं, ऊन बघितलं, शेजाऱ्यांच्या सांगण्यावरून अमावस्यासुद्धा बघितली. मग एकदा लक्षात आलं की आई मानवतला मामाकडे गेली की दिवा लाल होतो आणि ती परत आली की हिरवा. पुढच्या खेपेला मुद्दाम पाळत ठेवली. तसंच झालं!

वैशालीला सांगितलं तेव्हा ती पर्स घेऊन एसटीला निघाली होती. "गाडी माझ्या नावावर," ती म्हणाली, "आणि ऐकते आईंचं."

आईनं हे फार मनावर घेतलं. मामाकडून जावळाचं आमंत्रण आलं, तर तिनं फोनवरच सांगून टाकलं, "मला यायचं जमत न्हाई. सुनंला जिंतूरला जायचं असतंय."

*

शेवटी मी चार्जरमागची अर्थिंगची वायर धरून निघालो. भिंतीवरून खाली, फरशीच्या सांध्यातून, थेट अंगणातल्या बेलाच्या आळ्यात. तिथं मातीत वीतभर लोखंडी सळई खोचलेली. महादेवाची पूजा झाली की आई रोज याच आळ्यात कळशीभर पाणी घालते. ती नसली की काळी माती भेगाळते, सळई मोकळी पडते आणि चार्जर रुसतो.

ज्ञानोबाला बोलावून विचारलं, तर लाज वगैरे काही नाही. "अर्थिंगला ओल लागती. लोकं पाणी घालायचं इसरतेत. आईचा नेम चुकत न्हाई, म्हणून तर तिथं लावली."

मला हसू आलं आणि लगेच विरलं. चार्जरमध्ये काही बिघडलं असतं तर करंट त्याच ओल्या मातीत उतरला असता, आणि आई तिथं रोज अनवाणी उभी असते. तसं म्हटल्यावर ज्ञानोबा हातातला चहा ठेवून उठला. चार्जर त्यानं स्वतःच बंद केला आणि वायर उपसून काढली.

*

दुसऱ्या वायरमननं घरामागे खोल खड्डा घेऊन नीट अर्थिंग केली, वेगळी लाइन ओढली, स्विच सरळ केला. तोवर वैशाली एसटीनं गेली. मी आईला सांगितलं, आता तुझ्या पाण्याचा आणि गाडीचा काही संबंध नाही. खुशाल मानवतला जा. ती "बरं" म्हणाली, पण मानवतची पिशवी काही भरली नाही.

दुसऱ्या दिवशी दिवा हिरवा. वैशाली गाडी काढायला आली. आईनं बेलाला पाणी घातलं, कळशी पुन्हा भरली, घरामागे गेली आणि नव्या खड्ड्यावर ओतू लागली.

"आई, आता गाडीला याची गरज नाही," वैशाली म्हणाली.

आईनं कळशी पूर्ण पालथी केली. "गाडीला नसंल. तू जायलीस न्हवं?"