दिग्याला दुखत नाही

पन्नाशीचे चार मित्र दर शनिवारी आबिड्सच्या इराणी हॉटेलात चहाला बसले, की किस्से जमवावे लागत नाहीत. साठतात! त्यात चौघांतला एक दिग्या असला, की बघायलाच नको. मी, सुधाकर, बशीर आणि दिग्या, सगळे अंबरपेठच्या एकाच गल्लीतले.

*

शाळेत असताना संक्रांतीला पतंगाच्या नादात दिग्या गच्चीवरून पडला. हात हा असा वाकडा! आम्ही बोंबलत खाली धावलो. तर हा म्हणतो, "माझ्याकडे काय बघताय? पतंग बघा, कटेल ना!"

प्लास्टर घालतानाही पठ्ठ्या हसत होता. "मर्दाला दुखत नसतं," हे त्याच्या वडिलांचं वाक्य. ऐकलं आम्ही सगळ्यांनीच, पण दिग्याने ते फारच मनावर घेतलं.

*

सुधाकर बँकेत. मागच्या वर्षी त्याने पार्लरमध्ये फेशियल केलं, आणि वर आम्हाला सांगितलं! दिग्याने महिनाभर त्याला सळो की पळो करून सोडलं.

मग एका शनिवारी दिग्याच चकाचक होऊन आला.

"हे काय रे?"

"मी फक्त सुध्याला सोडायला गेलो होतो!"

"मग तुझं तोंड का चमकतंय?"

"बाहेर किती वेळ बसणार यार? बोर झालं!"

*

दिग्याचा मुलगा कुत्रं हरवलं म्हणून रडत होता. दिग्या गरजला, "पोट्टे रडत नाहीत!"

पोरगं डोळे पुसत म्हणालं, "पप्पा, स्कूलमध्ये मॅम सांगतात, फीलिंग्ज बोलून दाखवायच्या. तुम्हाला आत्ता काय फील होतंय?"

दिग्याने खरंच विचार केला. म्हणाला, "भूक!"

कुत्रं संध्याकाळी बशीरच्या दुकानामागे सापडलं. त्याला छातीशी धरून घरी कोण घेऊन आलं? दिग्याच!

*

आणि हा गेल्या महिन्यातला. चहा पिता पिता दिग्या एकदम गप्प झाला. शर्ट घामाने ओला, हात छातीवर. "काही नाही रे, गॅस आहे!"

"चुप बैठ!" म्हणत बशीरने त्याला अक्षरशः उचलून गाडीत घातलं. खोटं कशाला बोलू, मी जाम घाबरलो होतो. वाटभर देवाचा धावा चालला होता.

इमर्जन्सीत एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. ईसीजीची पट्टी बघून त्यांचा चेहराच बदलला.

"अंकल, दर्द है?"

"नहीं."

"सच बोलिए. इलाज उसी हिसाब से करना है. दस में से कितना?"

दिग्याने सुधाकरकडे पाहिलं, बशीरकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. ओठ पांढरेफटक पडले होते. मग त्याने डॉक्टरांना जवळ बोलावलं आणि म्हणाला,

"पहले इन तीनों को बाहर निकालो, फिर बतातूं!"