शेजाऱ्याचे ओठ

बहारीनच्या हूरा भागात आमच्या शेजारी त्रिनिदादचा एक ट्रम्पेटवाला राहतो. हॉटेलात वाजवतो, स्वतः चाली रचतो आणि त्या लाँड्रीच्या पावत्यांमागे लिहून ठेवतो. घरी मात्र लोकांना त्रास नको म्हणून नुसते ओठ फुरफुरवून सराव करतो. भिंतीपलीकडे मोठी माशी अडकल्यासारखं वाटतं.

यंदा माझ्या नवऱ्याचा अर्धा चेहरा लुळा पडला. विमा कंपनीत फोनवर बोलणं हीच त्याची नोकरी. डॉक्टरांनी तोंडाचे व्यायाम दिले, पण हा करायला तयार नाही. "विदूषक दिसतो मी," म्हणायचा. लिफ्टमध्ये शेजाऱ्याने चौकशी केली, तेव्हा मी सगळं सांगून टाकलं.

दुसऱ्या सकाळी तो दारात हजर. "सिस्टर, चहा नको. व्यायामाचा कागद दे." नवऱ्यासमोर बसून त्याने स्वतःच इतकी भयानक तोंडं केली, की नवरा हसला. "यल्ला, आता तू."

सहा आठवडे तो रोज आला आणि नवऱ्याबरोबर सगळे व्यायाम करत राहिला. ओठ थकले की ट्रम्पेटचे वरचे सूर लागत नाहीत, हे मला त्याच्या बँडमधल्या ड्रमरकडून फार उशिरा कळलं. शेजाऱ्याने आपले सोलो, म्हणजे एकट्याने वाजवायचे तुकडे, सॅक्सोफोनवाल्याला देऊन टाकले होते.

मी तडक त्याच्या दारात गेले. "मला सांगितलं का नाहीत?"

आमच्या उघड्या दारातून नवरा फोनवर कुणाला तरी पॉलिसी समजावताना ऐकू येत होता. शेजाऱ्याने कान दिला.

"टोन चांगला आलाय," तो म्हणाला. "आता माझे सोलो परत मागतो."