कोपराजवळचा चिमटा

भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. गल्लीत कुणाच्या अंगात आलं की मी आपली चहाचं आधण ठेवते. शिक्षण चौथी. चारचौघांत तोंड उघडत नाही, म्हणून वहीत लिहितेय.

आम्ही तेरखेड्याचे. मी रद्दीच्या कागदाच्या नळ्या वळते, फटाक्यांसाठी. मुलगी दीपाली धाराशिवला एम. ए. करते, विषय बायकांचा इतिहास. तिला आजीनं, म्हणजे माझ्या सासूबाईंनी सांगितलं होतं – पूर्वी गावातल्या बायका दुपारी देवळामागं जमून एकमेकींना लिहायला शिकवायच्या. मास्तर नाही, सरकार नाही. दीपालीनं प्रबंधाला तेच घेतलं. पण सासूबाई वारल्या आणि तिच्या कॉलेजातल्या मॅडम म्हणाल्या, "आठवणी छान आहेत. पण एक तरी लेखी पुरावा आण, नाहीतर सोमवारी विषय बदल." पोरगी दोन दिवस धड जेवली नाही.

शनिवारी दुपारी मी कारखान्यात भिंतीला टेकून बसले होते. एक कागद वळायला घेतला... आणि कोपराजवळ कचकन चिमटा बसला! नळी सैल झाली की सासूबाई असाच काढायच्या. मागं तर भिंत. नळीही घट्ट होती. पुन्हा वळायला गेले – पुन्हा चिमटा.

शेजारी नळ्या वळणारी शकूमावशी हसली, "काय गं, मुंगळा चावला व्हय?"

मी नळी उलगडली. वहीचं जुनं पान. वर लिहिलेलं, "महिला वर्ग, हजेरी". खाली अकरा बायकांच्या वाकड्यातिकड्या सह्या. चौथी सासूबाईंची! सहीखाली तुळशीचं पान... रेशनच्या कागदांवरही त्या तसंच काढायच्या.

"अगं, नळ्या वळायच्यात, परीक्षा न्हाय!" मावशी ओरडली. मी कागद पोटाशी धरून घराकडं पळाले.

विषय मंजूर झाला. वर्षअखेर प्रबंध कॉलेजात पहिला आला. कार्यक्रमात मॅडमनी माइकवर विचारलं, "हा कागद कुणी शोधला?" दीपालीनं मला पुढं ढकललं. "माय, बोल की!"

कंडक्टरला गाव सांगतानाही माझा आवाज निघत नाही. त्या दिवशी निघाला.

"माझ्या सासूबाईंनी."

अख्खा हॉल टाळ्या वाजवत उभा राहिला.

रद्दीची पोती लांबून येतात. त्यात आमच्याच गावचं पान, माझ्याच हाती कसं आलं? चिमट्याचा निळा डाग आठ दिवस होता, शकूमावशीनंही पाहिला. अजून कधी कधी मी मुद्दाम नळी सैल वळते आणि थांबते... कुणीच चिमटा काढत नाही.